अफूच्या पैशातून उभ्या राहिलेल्या दवाखान्याचं काय करायचं?

कोरेगावची_लेक (सातारा)
नमस्कार मंडळी. माझ्या वडिलांचं ऑपरेशन मुंबईला जे.जे.त झालेलं, साताऱ्यातनं नेलं तेव्हा कुणाला आशा नव्हती, आज ७८ वर्षांचे आहेत आणि रोज सकाळी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापर्यंत चालून येतात. त्यामुळं आमच्या घरी हा दवाखाना ज्यांच्या पैशातनं उभा राहिला त्या जमशेटजी जीजीभाईंचं नाव हात जोडूनच घेतात. परवा लेकीच्या प्रोजेक्टसाठी वाचत बसलो तर कळलं, शेठजींचा पैसा चीनला कापूस आणि अफू पाठवून आलेला. लेक म्हणाली, "आई, मग आजोबा अफूच्या पैशानं वाचले का?" मला काही बोलताच येईना. त्या काळी सगळेच करायचे म्हणून सोडून द्यायचं का हे?

जुना_मास्तर
ताई, "त्या काळी सगळेच" हे मला पटत नाही. चीनमध्ये अफूवर पहिली बंदी १७२९ ची. ईस्ट इंडिया कंपनीला हे पक्कं माहीत, म्हणून तर स्वतःच्या जहाजातनं अफू न्यायची नाही. बिहार-बनारसच्या शेतकऱ्याला उचल देऊन खसखस पेरायला लावायची, बोंडाच्या चिकाचे, म्हणजे अफूचे, गोळे करून तिच्याच पाकळ्यांच्या पोळीत गुंडाळायचे, पेटीत ४० गोळे, कलकत्त्याला लिलाव केला की हात झटकून मोकळे. पुढं खासगी व्यापारी आणि चोरून उतरवून घेणारे चिनी दलाल, आणि अफू विकून आलेल्या चांदीतनं कंपनी चीनच्या कँटन बंदरात चहा घेणार. १८३९ ला चिनी बादशहाचा अधिकारी लिन झेशूनं २० हजारांवर पेट्या जप्त केल्या, खड्ड्यात मीठ आणि चुना घालून अफू विरघळवली आणि समुद्रात सोडली, समुद्रदेवाची माफी मागून. इंग्रजांनी आरमार पाठवलं. पण त्यांच्याच पार्लमेंटात १८४० ला ग्लॅडस्टन, जो पुढं पंतप्रधान झाला, ह्या युद्धाविरुद्ध उभा राहिला, सरकारविरुद्धचा ठराव फक्त ९ मतांनी पडला. म्हणजे वाईट आहे हे तेव्हाच्याच माणसांना कळत होतं. आणि त्याच १८३९ ला आपल्या साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना कंपनीनं गादीवरनं काढून काशीला धाडलं, हे मी वर्गात दरवर्षी एकाच फळ्यावर शेजारी शेजारी लिहायचो.

हळदवाला_सांगली
मी अडत्या आहे, यार्डात वीस वर्षं काढली. सौद्यात पोत्यातनं हळकुंड उचलून मोडून बघतात, आतला रंग खरा. वरनं रंग मारलेला माल आमच्या डोळ्याला लगेच कळतो. एकदा तसा लॉट आला, पार्टी म्हणाली माल लांब जाणाराय, खाणारा तुला कुठं दिसणाराय. मी परत पाठवला, ते गिऱ्हाईक तुटलं ते तुटलंच. खाणारा दिसत नाही हे आमच्या धंद्यातलं रोजचं बोलणं आहे हो, पण जीजीभाई तर स्वतः बऱ्याचदा चीनला जाऊन आलेले, त्यांना माहीत नव्हतं असं कसं म्हणू. दादाभाई नौरोजींनी लंडनच्या पेढीतली भागीदारी अफू-दारूचा नफा नको म्हणून सोडली, तेही मुंबईचेच, तेही व्यापारातलेच. मग सोडता येत होतं की.

कण्हेरखेडकर
सगळं गोऱ्यांवर आणि एका शेठवर ढकलू नका राव. मुंबईतनं जायची ती माळव्याची अफू, आणि माळवा म्हणजे शिंदे-होळकरांचा मुलूख. शिंदे मूळचे आमच्या कण्हेरखेडचे, महादजींचं नाव काढलं की आजही छाती भरून येते, म्हणून जास्त लागतं. तिथं पेरणी कंपनीच्या हातात नव्हती, सावकार आगाऊ पैसे देऊन पीक बांधून घ्यायचे आणि संस्थानं कर घ्यायची. कंपनीनं अडवायला बघितलं तर माल कराची-दमणवरनं पोर्तुगीजांकडनं जायला लागला, मग १८३० च्या सुमारास पेटीमागं पासाची फी घेऊन मुंबईतनंच सोडायला लागले, म्हणजे अडवणाराच वाटेकरी झाला. ह्यात मला खरंच वाईट वाटतं ते त्या शेत कसणाऱ्या कुळाचं, उचल घेतली की खसखस पेरायची का नाही हे त्याच्या हातात राहतच नव्हतं.

कोरेगावची_लेक
सगळ्यांचे आभार. वडिलांना वाचून दाखवलं, बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले पोरीला म्हणावं पानावर दवाखाना पण काढ आणि पेटी पण. ती पेटीत गोळे मोजून काढतीय, ४० झाले पाहिजेत म्हणून दोनदा खोडलं. मास्तर, बोंडाला चीर कशी देतात तेवढं सांगा, तिला ते पण काढायचंय.

जुना_मास्तर
उभ्या चिरा. दुपारनंतर देतात, रात्रभर चीक पाझरतो आणि सकाळी खरवडून घेतात. बोंड हिरवंच रंगवायला सांगा.