मदत हवी आहे: मीडियाप्लेअर एरर (-३८, ०), ट्रॅक न वाजताच पुढे पळतात

मंडळी, आमच्या भजनी मंडळासाठी कोटलिन या प्रोग्रामिंग भाषेत छोटं अँड्रॉइड अ‍ॅप करतोय. रेकॉर्डिंग सर्व्हरवर आहेत, वाजवायला अँड्रॉइडचा मीडियाप्लेअर हा तयार घटक वापरतोय. यादीत अभंगावर टॅप केलं की तो वाजावा, संपला की पुढचा लागावा, एवढंच काम.

वायफायवर सगळं झकास. मोबाइल डेटावर रेंज कमी असली की मात्र पहिला अभंग न वाजताच दुसरा, मग तिसरा, अशी अख्खी यादी शेवटपर्यंत पळते. आवाज काहीच नाही. अ‍ॅप क्रॅशही होत नाही, म्हणजे स्टॅक ट्रेस (कोड कुठे अडकला त्याची यादी) मिळायची सोय नाही.

लॉगकॅटमध्ये (अँड्रॉइडच्या नोंदींमध्ये) दर वेळी ही जोडी दिसते: "अटेम्प्ट टू कॉल गेटड्युरेशन इन राँग स्टेट… एमकरंटस्टेट=४" आणि लगेच "एरर (-३८, ०)".

माझा क्रम: रीसेट (प्लेअर कोरा करणं), सेटडेटासोर्स (रेकॉर्डिंगचा पत्ता देणं), प्रिपेअरअसिंक (मागच्या मागे तयार करणं). स्टार्ट फक्त ऑनप्रिपेअर्डमध्ये, म्हणजे प्लेअर तयार झाल्यावर. ऑनकम्प्लीशनमध्ये, म्हणजे ट्रॅक संपल्यावर, पुढचा ट्रॅक. काही ठिकाणी साधं प्रिपेअर (तयार होईपर्यंत थांबवून ठेवणारं) वापरायचा सल्ला वाचला, पण त्याने स्क्रीनच गोठते. जाणकारांनी कृपया बघावं.

प्रतिसाद:
एमकरंटस्टेट म्हणजे प्लेअरची सध्याची अवस्था (स्टेट). स्टेटचे आकडे दुपटीने जातात. १ आयडल, २ इनिशियलाइज्ड, ४ प्रिपेअरिंग, ८ प्रिपेअर्ड, १६ स्टार्टेड. म्हणजे प्लेअर अजून तयारच होतोय आणि कुणीतरी त्याला ट्रॅकची लांबी (गेटड्युरेशन) विचारतंय. सीकबार (ट्रॅक कुठवर आला ते दाखवणारी पट्टी) कोण हलवतं? आणि ऑनएरर लिसनर (एरर आली की चालणारा कोड) लावलाय का?

धागाकर्ता:
सीकबारला हँडलर (ठरावीक वेळाने कोड चालवणारा) आहे, दर अर्ध्या सेकंदाला गेटड्युरेशन आणि गेटकरंटपोझिशन घेतो. अ‍ॅक्टिव्हिटी उघडली की सुरू होतो. ऑनएरर नाही लावलेला.

प्रतिसाद:
मग सापडलं. प्रिपेअरिंगमध्ये गेटड्युरेशन मारलं तर एक्सेप्शन येत नाही, प्लेअर गुपचूप एरर स्टेटमध्ये जातो. ऑनएरर नसेल, किंवा असूनही फॉल्स परत देत असेल, तर अँड्रॉइड सरळ ऑनकम्प्लीशन बोलावतं. तुमच्या कोडला वाटतं अभंग संपला, तो पुढचा लावतो. तोही तयार होतोय तोवर हँडलरची फेरी येते आणि पुन्हा तेच. वायफायवर अर्ध्या सेकंदाच्या आत प्रिपेअर होत असणार, म्हणून तिथे दिसत नाही.

हँडलर ऑनप्रिपेअर्डमध्ये सुरू करा, लांबी तिथेच एकदा घेऊन ठेवा, आणि रीसेटच्या आधी हँडलर थांबवा. ऑनएरर लावून ट्रू परत द्या. एररनंतर रीसेट केल्याशिवाय तो प्लेअर वापरता येत नाही, हेही ध्यानात असू द्या.

धागाकर्ता:
केलं. एम्युलेटरचं (संगणकावरच्या नकली फोनचं) नेटवर्क एजवर, म्हणजे जुन्या संथ वेगावर, टाकून पाहिलं, यादी पळायची थांबली. पण अभंग वाजत असताना दुसरा लावला की अधूनमधून अजूनही -३८ येतो. हँडलर थांबवणारं रिमूव्हकॉलबॅक्स रीसेटच्या आधीच आहे.

प्रतिसाद:
रिमूव्हकॉलबॅक्सला लॅम्डा (तिथल्या तिथे लिहिलेला बिननावाचा कोड) देताय का? तिथे महिरपी कंसात लिहिलेला लॅम्डा म्हणजे दुसरंच रनेबल (हँडलरने चालवायचं काम). जुनं रांगेत तसंच राहतं. रनेबल एका व्हॅलमध्ये (न बदलणाऱ्या नावाखाली) ठेवा आणि पोस्टडिलेडला (काम थोड्या वेळाने लावणारं) व रिमूव्हकॉलबॅक्सला तेच द्या. हे कंपायलर सांगत नाही, लॉग सांगत नाही, नुसता वैताग!

आणखी एक प्रतिसाद:
नवीनच अ‍ॅप आहे तर मीडियाप्लेअरऐवजी मीडिया३ लायब्ररीतला एक्झोप्लेअर का घेत नाही? त्यात चारच स्टेट: आयडल, बफरिंग, रेडी, एंडेड. रेडी व्हायच्या आधी प्ले म्हटलं तरी तो लक्षात ठेवतो आणि तयार झाला की वाजवतो. फक्त लांबी कळायच्या आधी तो टाइमअनसेट देतो, म्हणजे प्रचंड मोठी ऋण संख्या. ती थेट सीकबारला देऊ नका.

धागाकर्ता:
लॅम्डाच होता. आता -३८ नाही. सर्वांचे मनापासून आभार! एक्झोप्लेअर पुढच्या आवृत्तीत घेतो. फोन आला तरी अभंग चालूच राहतो, त्याचं मूळही इथेच असेल का?

प्रतिसाद:
नाही, तो ऑडिओ फोकस, म्हणजे कोणत्या वेळी कुणाचा आवाज चालावा याचा प्रश्न. त्यासाठी नवा धागा काढा.