पेन स्टेटचा सगळ्यात मोठा पैलवान कोण? (अनुभव धागा)

मार्च महिना आला की आमच्या स्टेट कॉलेज गावात दुसरा विषय नसतो. किराणा दुकानात, न्हाव्याकडे, मुलांच्या शाळेबाहेर, सगळीकडे कुस्ती. पेनसिल्व्हेनिया राज्य आपल्या कोल्हापूर-सांगली पट्ट्यासारखंच कुस्तीचं वेड असलेलं आहे, आणि पेन स्टेट विद्यापीठ ही इथली मोठी तालीम. या विद्यापीठानं पहिलं राष्ट्रीय सांघिक विजेतेपद 1953 साली मिळवलं. दुसऱ्यासाठी थेट 2011 पर्यंत थांबावं लागलं. 2009 मध्ये केल सँडरसन वस्ताद म्हणून आले आणि 2011 ते 2025 या काळात 12 विजेतेपदं आली. सँडरसन स्वतः आयोवा स्टेट विद्यापीठाकडून 159 लढती खेळले, एकही हरले नाहीत, आणि 2004 ला अथेन्समध्ये ऑलिंपिक सुवर्ण जिंकले. असा वस्ताद असल्यावर पैलवानांची रांग लागणारच.

त्या रांगेत पहिला कोण? धाग्याची अट एकच: नुसते आकडे टाकू नका. ज्याची कुस्ती तुम्ही मन लावून पाहिलीत, त्याच्याबद्दल लिहा, आणि तो मोठा का ते सांगा.

माझं मत आधीच देतो: झेन रेदरफर्ड. कारणं इतरांचं वाचल्यावर लिहीन.

मिरजकर काका

तुम्ही सगळे 2011 नंतरचेच बोलणार, म्हणून आधी मीच लिहितो. मी नव्वदच्या दशकात इथे शिकायला आलो. तेव्हा रेक हॉलमध्ये, म्हणजे पेन स्टेटच्या क्रीडागृहात, केरी मॅकॉय खेळायचा. हेवीवेट. त्या गटात बहुतेक जण अंगावर रेलून वेळ काढायचे, एकमेकांना ढकलत राहायचे. मॅकॉय त्या गटाच्या मानानं सडपातळ, पण पाय असे हलायचे की समोरच्याला पट कुठून निघाला ते कळायचं नाही. 1994 चा सगळा हंगाम तो अपराजित राहिला आणि राष्ट्रीय विजेता झाला. पुढे 1997 ला पुन्हा. नंतर 2000 आणि 2004 अशा दोन ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून खेळला, 2003 च्या जागतिक स्पर्धेत रौप्य घेतलं.

त्याला आजच्यासारखं पाठबळ नव्हतं. आज पेन स्टेटच्या सरावात रोज समोर जागतिक विजेता उभा असतो, त्याच्याशी झटून पोरं तयार होतात. मॅकॉयच्या काळात हे वैभव नव्हतं. पहिल्या क्रमांकावर ठेवा असा माझा हट्ट नाही, पण पहिल्या पाचात तो नसेल तर ती यादी मला मान्य नाही.

कराडकर

काका, मॅकॉयबद्दल लिहिलंत, फार बरं वाटलं.

माझं मत डेव्हिड टेलर. आम्ही कराडची माणसं. गोळेश्वर आमच्या शेजारी. 1952 ला हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कांस्य आणलं ते आमच्या आजोबांच्या पिढीनं बैलगाड्यांच्या मिरवणुकीनं साजरं केलं, आणि ते ऐकत आम्ही वाढलो. त्यामुळे ऑलिंपिकचं पदक बाजूला ठेवून पैलवान मोजायला मला जमत नाही. टेलरनं टोकियोत इराणच्या हसन यझदानीला शेवटच्या काही सेकंदांत पट काढून 4-3 असं हरवलं. यझदानी म्हणजे रिओचा सुवर्णविजेता, सगळ्या इराणचा लाडका. शिवाय टेलर 2018, 2022 आणि 2023 चा जगज्जेता.

कॉलेजातही तो कमी नव्हता. 134 विजय, फक्त 3 हार. चारही वर्षं अंतिम फेरीत. 2012 आणि 2014 ला विजेता. 2012 च्या अंतिम लढतीत तर त्यानं 22-7 अशी तांत्रिक गुणाधिक्यानं कुस्ती मारली. राष्ट्रीय अंतिम फेरीत समोरचाही देशातला निवडक मल्लच असतो, त्याच्यावर 22 गुण! कधीही पाहा, तो पुढे असला तरी पुढेच चालत राहायचा. गुण राखून खेळणं त्याला ठाऊकच नव्हतं.

एरी तळ्याकाठचा

कराडकर दादा, टेलरबद्दल आदर आहेच. पण ज्या दोन अंतिम लढती तो हरला त्यांचं काय? 2011 ला बबा जेंकिन्सनं त्याला चक्क चितपट केलं. तो जेंकिन्स आधी पेन स्टेटचाच, नंतर ॲरिझोना स्टेटला गेलेला. आणि 2013 ला डी मॉइनमध्ये काइल डेकनं 5-4 असं हरवलं. प्रश्न पेन स्टेटसाठी कोण मोठा हा आहे. टोकियोचं सुवर्ण कॉलेजच्या खात्यात कसं धरायचं?

माझा माणूस आमच्या एरीचाच, कार्टर स्टारोची. 2021, 22, 23, 24, 25. पाच वेळा राष्ट्रीय विजेता. पहिल्या श्रेणीच्या कॉलेज कुस्तीत हे आजवर दुसऱ्या कुणालाही जमलेलं नाही. 2024 ला त्याचा गुडघा दुखावलेला होता. बिग टेन स्पर्धेत, म्हणजे पेन स्टेट ज्या विद्यापीठांच्या गटात खेळतं त्या गटाच्या स्पर्धेत, त्यानं लढती सोडून दिल्या, म्हणून राष्ट्रीय स्पर्धेत त्याला नववं मानांकन मिळालं. पायाला भलामोठा पट्टा. आम्ही टीव्हीसमोर बसून प्रत्येक लढतीला श्वास रोखून होतो. एका पायावर भार टाकत त्यानं कॅन्सस सिटीत चौथं विजेतेपद घेतलं, अंतिम लढत 2-0. कुणी म्हणेल कंटाळवाणी कुस्ती. मी म्हणेन, मोडक्या पायानं गुण न देणं ही कुस्तीतली फार वरची विद्या आहे.

एडिसनहून शिल्पा

2025 ला फिलाडेल्फियात आम्ही सगळं कुटुंब गेलो होतो, तेव्हा स्टारोचीचं पाचवं विजेतेपद डोळ्यांनी पाहिलं. 174 पौंडांतून तो 184 मध्ये आला होता. समोर नॉर्दर्न आयोवाचा पार्कर केकायझन, आदल्या वर्षीचा त्याच गटाचा विजेता आणि त्या हंगामात अपराजित. 4-3. शेवटचा अर्धा मिनिट सगळं सभागृह उभं होतं, आमच्यापुढच्या रांगेतले आयोवाचे आजोबासुद्धा. त्या वर्षी पेन स्टेटचे दहाच्या दहा मल्ल पहिल्या आठात आले आणि संघानं 177 गुणांचा विक्रम केला.

तरीही माझं मत स्टारोचीला नाही, आरन ब्रूक्सला आहे.

कारण नीट सांगते. 2020 ची राष्ट्रीय स्पर्धा कोविडमुळे रद्द झाली, आणि 2020-21 चा हंगाम खेळाडूंच्या पात्रतेत धरला गेला नाही. त्या एका वर्षामुळे स्टारोचीला पाच स्पर्धा मिळाल्या. ब्रूक्स 2020 ला पहिल्या वर्षाचा विद्यार्थी होता, बिग टेनचा विजेता झाला होता, राष्ट्रीय स्पर्धेची तयारी करून बसला होता, आणि स्पर्धाच झाली नाही. पुढे 2021 ते 2024 सलग चार वेळा तो विजेता. म्हणजे ज्या चार राष्ट्रीय स्पर्धांत तो उतरला त्या चारही जिंकला. दोघांनी पाच-पाच हंगाम खेळले. एकाला पाच संधी, एकाला चार. मग पाच मोठे आणि चार लहान असं सरळ कसं म्हणायचं?

एरी तळ्याकाठचा

शिल्पाताई, मुद्दा चोख आहे. पण न झालेल्या स्पर्धेचं विजेतेपद कुणाच्या नावावर लावता येत नाही. 2020 ला ब्रूक्स जिंकलाच असता असं छातीठोक कोण सांगेल? तेव्हा तो पहिल्याच वर्षाला होता.

शिल्पा

नावावर लावा असं म्हणतच नाहीये, दादा. पाच हा आकडा दाखवून वाद मिटवू नका, एवढंच. आणि कॉलेज कुस्तीतल्या वर्षाच्या सर्वोत्तम मल्लाला मिळणारी हॉज ट्रॉफी ब्रूक्सला 2024 ला मिळाली. स्टारोचीला पाच विजेतेपदांनंतरही ती एकदाही मिळाली नाही. ती ट्रॉफी देताना किती लढती निकाली केल्या आणि समोरच्याला किती दाबून ठेवलं, हेही बघतात.

वाळवा तालुका

"निकाली" हा शब्द आलाच आहे तर बो निकलचं नाव अजून कसं नाही?

आमच्याकडे मैदानात गुणांवर कुस्ती सोडवली की लोक उठून जातात. पाठ टेकली पाहिजे. निकल हा मैदानी पैलवान. 2018, क्लीव्हलंड. सांघिक विजेतेपदासाठी ओहायो स्टेटशी अटीतटी चाललेली, आणि 184 पौंडांच्या अंतिम लढतीत समोर ओहायो स्टेटचाच माइल्स मार्टिन. याच मार्टिननं 2016 च्या अंतिम फेरीत निकलला हरवलं होतं. मार्टिननं चढाई केली, निकल पाठीवर जातोय असं वाटलं, आणि त्याच झोकात त्यानं मार्टिनला उलटा फिरवून खाली दाबला. पहिल्याच फेरीत चितपट. संघाचं विजेतेपद तिथेच पक्कं झालं. वसतिगृहाच्या हॉलमध्ये आम्ही भारतीय पोरं एवढी ओरडलो की वरच्या मजल्यावरचे खाली धावत आले.

तीन विजेतेपदं, 120 विजय, 3 हार, 2019 ची हॉज ट्रॉफी. पण मला आकड्यांशी देणंघेणं नाही. संघाला गरज असताना, आधी हरलेल्याच माणसाला, सगळ्या देशासमोर चित करणं. याहून मोठं काय असतं?

भौतिकोपचार करणारी

मी खेळाडूंच्या गुडघ्यांवर काम करते, त्यामुळे माझी नजर वेगळीकडे जाते. वर स्टारोचीच्या गुडघ्याची गोष्ट आली, पण जेसन नोल्फला कुणी आठवलं नाही. जानेवारी 2018 मध्ये त्याचा गुडघा गेला. बिग टेनमध्ये तो लढू शकला नाही. मार्चमध्ये थेट राष्ट्रीय स्पर्धेत उतरला आणि जिंकला. अशा दुखापतीनंतर माणूस खेळू लागला तरी मनात धाक राहतो, दुखऱ्या बाजूनं वळायला तो कचरतो. नोल्फ एरवी ज्या बेधडकपणे पोझिशन सोडून डाव टाकायचा, तसाच तिथेही खेळला. 2017, 18, 19 अशी तीन विजेतेपदं. पाहायला सर्वांत आनंद देणारा पैलवान कोण असा धागा काढलात तर मला दुसरं नाव सुचणार नाही.

हॅरिसबर्गहून

एड रूथ! सँडरसन आल्यावर विजेते बरेच झाले, पण पेन स्टेटकडून तीन वेळा विजेता होणारा पहिला मल्ल रूथ, 2012, 13, 14. 136 विजय, 3 हार. त्याची क्रेडल लागली की, म्हणजे मान आणि गुडघा एकत्र आवळून बसला की, पंचांनी खाली वाकायचंच बाकी. इथल्या शाळेतला आमचा मुलगा म्हणून अभिमान आहे आणि तो लपवत नाही. निकल, नोल्फ, रेदरफर्ड यांनी तीनची वाट रूथच्या मागूनच धरली.

धागाकर्ता

आता माझी कारणं. माझा मुलगा इथल्या लहान मुलांच्या क्लबात जातो, त्याच्यामुळे मला कॉलेज कुस्तीतली एक गोष्ट कळली. आपल्या मातीत चितपट झाली की संपलं, ऑलिंपिकच्या मॅटवर खाली थोडा वेळ काही झालं नाही की पंच उभं करतात. इथल्या शैलीत मात्र खाली आणल्यावर खरी परीक्षा. समोरच्यावर सवारी टिकवायची, उठू द्यायचं नाही. त्याच्यापेक्षा मिनिटभर जास्त वेळ वर राहिलात तर शेवटी एक गुण जादा. या "वर राहण्याच्या" कुस्तीत रेदरफर्डइतका निर्दय मी कुणी पाहिला नाही. मनगट धरलं की समोरच्याचा खांदा हळूहळू फिरत जायचा. देशातले नामांकित मल्ल त्याच्याखाली नुसते अडकून पडायचे.

पहिल्याच वर्षी त्यानं रेक हॉलमध्ये ओहायो स्टेटच्या लोगन स्टीबरला जादा वेळेत हरवलं. स्टीबर पुढे चार वेळचा विजेता झाला. रेदरफर्डच्या कॉलेजातल्या तिन्ही हारी त्याच पहिल्या वर्षातल्या. मग एक वर्ष अधिकृत लढतींपासून दूर राहून त्यानं नुसता सराव केला, आणि परत आल्यावर तीन हंगाम खेळला, तिन्ही अपराजित. 2016, 17, 18. सलग 94 विजयांवर थांबला. 2017 आणि 2018 च्या दोन्ही हॉज ट्रॉफ्या त्याच्याच. टेलरला दोन अंतिम लढतींत हार, निकल आणि नोल्फला एकेक. रेदरफर्ड राष्ट्रीय अंतिम फेरीत गेला आणि हरला, असं कधी झालं नाही. 2023 ला जगज्जेताही झाला, कराडकरांसाठी हेही नोंदवतो.

कराडकर

नोंद घेतली! तरी टेलरच.

स्टेट कॉलेजची सून

एक प्रसंग लिहिते, मत मागून. एप्रिल 2024 ची ऑलिंपिक निवड चाचणी आमच्याच गावात, ब्राइस जॉर्डन सेंटरमध्ये झाली. 86 किलोच्या अंतिम लढतीत एका बाजूला टेलर, दुसऱ्या बाजूला ब्रूक्स. दोघेही इथलेच, रोज एकाच हॉलमध्ये घाम गाळणारे. प्रेक्षक सगळे पेन स्टेटचे. माझ्या सासऱ्यांनी टेलरला विद्यार्थी असल्यापासून पाहिलेलं, नवऱ्याचा जीव ब्रूक्सवर. दोघं शेजारी बसून एकमेकांशी बोलत नव्हते. तीनपैकी दोन लढती जिंकणारा पॅरिसला जाणार होता, ब्रूक्सनं पहिल्या दोन्ही मारल्या. सुवर्णविजेता घरीच राहिला. पुढच्याच महिन्यात तो ओक्लाहोमा स्टेटचा वस्ताद होऊन गाव सोडून गेला, आणि ब्रूक्सनं पॅरिसहून कांस्य आणलं.

या धाग्यातली दोन मोठी नावं समोरासमोर आली आणि निकाल लागला, म्हणून माझं मत ब्रूक्सला. सासरे मात्र मान्य करत नाहीत. त्यांचं म्हणणं, टेलर तेव्हा तेहतिशीचा, ब्रूक्स तेविशीचा. दोघं एकाच वयाचे असते तर काय झालं असतं, यावर आमच्या घरी अजून रोज जेवताना बोलणं होतं. कुणी दोघांच्या कॉलेजातल्या लढती शेजारी-शेजारी लावून पाहिल्या असतील तर इथे लिहा, मी त्यांना वाचून दाखवीन.