बाबांना यूपीआय सुरू करून द्यायचंय, पेन्शनचं खातं सुरक्षित कसं ठेवू?

मोगरा_७९
नमस्कार. बाबा ७३ वर्षांचे, मुख्याध्यापक म्हणून रिटायर झालेत, कराडला एकटे राहतात आणि मी पुण्यात. आत्तापर्यंत महिन्याच्या सुरुवातीला बँकेत जाऊन स्लिप भरून पैसे काढायचे आणि कपाटात पाकिटं करून ठेवायचे, प्रत्येकावर दूध, भाजी, औषधं असं लिहून. पण मागच्या महिन्यात बँकेच्या पायऱ्यांवर पाय घसरला, शिवाय मेडिकलवाला सुट्ट्यांवरून रोज कुरकुर करतो, तेव्हापासून स्वतःच म्हणतायत की ते स्कॅनचं मला शिकव. माझी भीती एकच आहे, आयुष्यभराची पुंजी त्या एकाच खात्यात आहे, एफडीसकट. आणि बाबांचा स्वभाव असा की फोनवर कोणी "सर" म्हणालं की समोरच्याला सगळं नीट समजावून सांगत बसतात. आत्ता साधा बटणांचा फोन आहे. स्मार्टफोन घेतला तर ८ हजारांच्या आत. महिन्याचा खर्च ६-७ हजार, त्याच्या वर जात नाही. कुठलं ॲप, कुठला फोन आणि खातं कसं ठेवायचं, अनुभव असलेल्यांनी सांगा प्लीज.

कडूनिंब
फोनमध्ये काटकसर करू नका. स्वस्त फोनला दोन वर्षांत अपडेट यायचे बंद होतात आणि मग आत काय शिरतंय ते तुम्हाला कळतही नाही. सासऱ्यांना मी ३८ हजारांचा घेऊन दिला, सहा-सात वर्षं अपडेट येतील, बोट लावलं की उघडतो, एकदाही तक्रार नाही. २५ हजारांच्या खाली बघूच नका.

पाटावरवंटा
त्यांनी ८ हजार लिहिलंय.

कडूनिंब
वाचलं. तरी सांगतोय. आयुष्यभराची पुंजी आहे ना त्या खात्यात? मग फोनला ८ हजार का?

सुगरण_पक्षी
फोन कुठलाही घ्या, माणूस घाबरला किंवा भुलला की फोन काही करत नाही, हे मी स्वतः भोगलंय. दोन वर्षांपूर्वी जुनं लोखंडी कपाट विकायला ऑनलाइन टाकलं होतं. एकाचा फोन आला, मी सैन्यात आहे, बदली झाली, कपाट न बघताच घेतो म्हणाला. आधी १ रुपया पाठवला, तो खरंच आला. मग क्यूआर कोड पाठवला आणि म्हणाला हा स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे जमा होतील. बोलता बोलता टाकला. ९ हजार गेले. परत करतो म्हणाला, अजून एक कोड, तोही स्कॅन केला, अजून ९ गेले. मी एम.कॉम. आहे हो, अडाणी नाही. मिस्टरांनी लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या नंबरला, फोन लावला, पाऊण तासाच्या आत, म्हणून त्यातले ११ हजार पुढच्या खात्यात अडवता आले, ते हातात पडायला मात्र पाच महिने आणि कितीतरी हेलपाटे लागले. बाबांना बाकी काही सांगू नका, एवढंच पाठ करून घ्या की पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे गेले.

नानाकाका_६१
ताई, शिकवूच नका असं माझं स्पष्ट मत. पाकिटांची पद्धत उत्तम आहे. कपाटातून चोरी झाली तर एका महिन्याचे पैसे जातील, फोनमधून झाली तर सगळं जाईल. आणि कॅशलेस कॅशलेस म्हणतात, पण नोटाबंदीच्या वेळी देशात सुमारे १८ लाख कोटींच्या नोटा होत्या, आज ३५ लाख कोटींच्या वर आहेत. लोकांचा रोकडीवर विश्वास आहे म्हणूनच ना? आमच्याकडे पावसाळ्यात टॉवर गेला की दोन दोन दिवस नेट नसतं. तेव्हा दुकानदार विचारतो, काका रोख आहे का?

स्कॅनवाला
नानाकाका, नोटा वाढल्या तसे यूपीआयचे व्यवहारही वाढलेत की. ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात २००० कोटींच्या वर व्यवहार झाले. लोक दोन्ही वापरतायत. माझ्या किराणा दुकानात निम्म्याच्या वर गल्ला स्कॅनवर येतो, मी २०१७ पासून घेतोय.

मोगराताई, तुम्हाला काउंटरच्या या बाजूने काय दिसतं ते सांगतो. बरेच आजी-आजोबा फोन माझ्या पोऱ्याच्या हातात देतात, "तूच टाक रे, माझा पिन एकोणीस बावन्न" असं मोठ्याने सांगतात आणि मागे रांगेत चार जण उभे असतात. तो पोरगा चांगला आहे म्हणून ठीक. आम्ही आता पाटीच लावलीय की पिन सांगू नका, स्वतः टाका. जन्मसाल पिन ठेवणारे तर ढीगभर. बाबांना पिन स्वतः निवडायला लावा आणि टाकताना दुसऱ्या हाताने झाकायची सवय पहिल्या दिवसापासून लावा, नंतर लागत नाही.

दुकानदारांनाही लुटतात, ते कोणी लिहीत नाही. पैसे गेल्याचा खोटा स्क्रीनशॉट दाखवून माल घेऊन पसार. माझे असे अडीच हजार गेले दिवाळीत. आता साउंडबॉक्स बोलला तरच पिशवी हातात देतो.

सुगरण_पक्षी
पिन स्वतः टाकायचा हे मीही वरच लिहिणार होते.

बँकेतून_निवृत्त
३१ वर्षं काउंटरला काढली, त्यामुळे थोडं लांब लिहिते.

पेन्शनच्या खात्याला यूपीआय जोडूच नका. यूपीआय सर्कल बघा. तुमच्या खात्यावर तुम्ही मुख्य आणि बाबा दुय्यम. एका प्रकारात बाबा स्वतःच पैसे देतात, एका व्यवहाराला ५ हजार आणि महिन्याला १५ हजार ही वरची मर्यादा, त्याच्या आत तुम्ही तुमची ठरवायची. दुसरा प्रकार असा की बाबांनी स्कॅन केलं की प्रत्येक वेळी तुमच्या फोनवर विचारणा येते आणि तुम्ही पिन टाकला तरच पैसे जातात. दोन्हीत बाबांकडे यूपीआय पिनच नाही, त्यामुळे सांगायलाही नाही. भीम ॲपमध्ये ही सोय आहे.

पेन्शन खात्याचं म्हणाल तर शाखेत अर्ज देऊन नेटबँकिंग बंद करा. एटीएम कार्डावर ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार बंद करता येतात, टॅप करून बिनपिनचे ५ हजारांपर्यंत जातात तेही बंद करता येतं. आधारचं बोटांचं लॉक लावा, कारण अंगठ्याच्या ठशावरूनही पैसे काढतात आणि त्याला ना फोन लागतो ना पिन. हे लोकांना माहीतच नसतं.

आणि तक्रारीचं. रिझर्व्ह बँकेने २०१७ ला परिपत्रक काढून नियम घालून दिला. चूक तुमचीही नाही, बँकेचीही नाही, मधल्या कुणामुळे पैसे गेले आणि तुम्ही ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलंत तर तुमच्यावर भार शून्य. ४ ते ७ दिवसांत कळवलं तर ठरलेल्या मर्यादेपर्यंत तुमच्यावर. पण पिन किंवा ओटीपी स्वतःहून दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलंच. माझ्यासमोर किती जण रडलेत यावरून. मला तेव्हा नियम वाचून दाखवावा लागायचा, फार जड जायचं.

कडूनिंब
सर्कल चांगलंच आहे, मी तेच सुचवणार होतो. पण त्यालाही स्मार्टफोन लागतो, म्हणजे पुन्हा फोन चांगला हवा.

गोधडी
बटणांचा फोन चालतो की, यूपीआय १२३पे म्हणून २०२२ पासून आहे. आईला करून दिलं होतं. नंबर लावा, मग एक दाबा, दोन दाबा, रक्कम टाका. दोनदा केलं तिने, तिसऱ्यांदा मधेच फोन कट झाला आणि पैसे गेले की नाही ते कळेना, तेव्हापासून बंद. भाजीवालीसमोर उभं राहून कोण एवढा वेळ देणार.

पाटावरवंटा
यूपीआय लाइट कोणी लिहिलं नाही अजून. ५ हजारांपर्यंत लाइटमध्ये भरून ठेवायचे, एका वेळी हजारपर्यंत बिनपिन जातात. गेले तर तेवढेच. शिवाय पासबुकात ढीगभर नोंदी होत नाहीत.

बँकेतून_निवृत्त
लाइट मागे खात्याला जोडलेलंच असतं, त्या खात्याचा पिनही असतोच. पेन्शन खातं जोडलं तर मूळ भीती तशीच राहते.

मोगरा_७९
सगळ्यांचे खूप आभार. सर्कलचं काल फोनवर बाबांना समजावलं. ते गप्प झाले, मग म्हणाले, "म्हणजे मेथीची जुडी घेताना तुझी परवानगी? आणि तुझ्या पैशाने?" मी म्हटलं तुम्ही महिन्याच्या शेवटी मला परत द्या, तर म्हणाले हिशेब पोरीकडे मागायची वेळ आणू नकोस. आवाज असा झाला होता की मी पुढे काही बोलले नाही.

एक विचार आलाय. पेन्शन खात्याचं सिम आहे तसं बटणांच्या फोनमध्येच राहू दे, आणि नवीन सिम, दुसरं छोटं खातं, त्याचंच यूपीआय वेगळ्या स्मार्टफोनवर. असं कोणी केलंय का?

कडूनिंब
दोन फोन? या वयात एक सांभाळायचा वांधा. नको.

सुगरण_पक्षी
दोन चार्जर, दोन रिचार्ज. एक नक्की कुठेतरी विसरणार. माझंही मत नको.

बँकेतून_निवृत्त
दुसरं खातं म्हणजे पुन्हा केवायसी, किमान शिल्लक, दुसरा नॉमिनी. सर्कलमध्ये हे काहीच लागत नाही. पुन्हा एकदा बोलून बघा त्यांच्याशी.

नानाकाका_६१
बघा, म्हणजे पाकिटंच बरी. मास्तरांचा स्वाभिमान मला कळतो, मीही असंच म्हणालो असतो.

स्कॅनवाला
एक वेगळंच सांगतो, कोणाचं लक्ष नाही त्याकडे. सध्या फसवणूक लिंकपेक्षा एपीके फाइलने जास्त होताना बघतोय. लग्नपत्रिका, गाडीचं चलन, लाइटबिल भरा नाहीतर रात्री कनेक्शन कापू, अशा नावाने व्हॉट्सॲपवर फाइल येते, उघडली की ॲप बसतं आणि तुमचे मेसेज, ओटीपी परस्पर पुढे जातात. आमच्या गल्लीतल्या एका वायरमनचे असेच गेले. त्याने कोणाला काही सांगितलं नव्हतं, फक्त पत्रिका उघडली.

मोगरा_७९
हे वाचूनच माझं ठरलं. बटणांच्या फोनवर ती फाइल बसतच नाही. म्हणजे पेन्शन खात्याचा ओटीपी ज्या फोनवर येतो तिथे व्हॉट्सॲपही नाही आणि असलं ॲपही चढू शकत नाही.

शनिवारी कराडला जाऊन आले. सगळ्यांचं मत डावललं, राग मानू नका. शून्य शिल्लक चालणारं साधं बचत खातं उघडलं, नवीन सिमवर. माझाच जुना फोन रीसेट करून दिला, अपडेट बघितले, अजून येतायत, ८ हजारही वाचले. त्यात यूपीआय आणि व्हॉट्सॲप, बाकी काही नाही. दर महिन्याच्या १ तारखेला पेन्शन खात्यातून ६ हजार त्या खात्यात आपोआप जातील असा अर्ज शाखेत दिला, म्हणजे पायऱ्या चढायला नकोत. मोठ्या खात्याचं नेटबँकिंग बंद, आधारचं लॉक लावलं, बँकेतून_निवृत्त ताई, हे तुमच्यामुळे. १९३० नंबर दोन्ही फोनच्या मागे चिकटपट्टीने लावलाय.

पिन बाबांनी मला बाहेर पाठवून ठेवला. मग मेडिकलमध्ये गेलो, बीपीच्या गोळ्या, १८६ रुपये. चष्मा वर करून दुकानाचं नाव दोनदा वाचलं, नाव जुळतंय का ते त्या पोराला विचारलं, डावा हात आडवा धरून पिन टाकला. डबा "एकशे शहाऐंशी रुपये प्राप्त हुए" बोलला तशी मान हलवली आणि कागदी बिलही मागून घेतलं, ते घरी आल्यावर औषधांच्या पाकिटात ठेवलं. भाजी मात्र रोखीनेच आणणार आहेत, त्या मावशींना सुट्टे लागतात म्हणाले.

एकच अडलंय. अक्षरं मोठी केली की पैसे पाठवायचं बटण स्क्रीनच्या खाली जातं आणि त्यांना वाटतं फोन अडकला. यावर काही उपाय आहे का?

कडूनिंब
मोठ्या स्क्रीनचा घ्या.

पाटावरवंटा
अक्षरांचा आकार आणि डिस्प्लेचा आकार असे दोन वेगळे पर्याय असतात सेटिंगमध्ये. डिस्प्लेचा एक पायरी कमी करा, अक्षरं तशीच मोठी ठेवा. माझ्या आत्याकडे त्याने जमलं.