पेशी मरताहेत, मीडियम गुलाबी पडतंय. शुक्रवारच्या आत मदत हवी आहे

गोदाकाठची
नांदेडजवळच्या कॉलेजात पीएचडी, तिसरं वर्ष. तीन आठवडे तेच चाललंय. दोन दिवस पेशी मस्त, तिसऱ्या दिवशी मीडियम (पेशी वाढवायचा पोषक द्रव) गडद गुलाबी आणि पेशी गोल होऊन सुटतात. इन्क्युबेटर ठीक आहे, डिस्प्ले सीओटू पाच टक्केच दाखवतो. एफबीएसची (गाईच्या गर्भातल्या वासराच्या सीरमची) बाटली बदलून झाली. शुक्रवारी आरएसी (संशोधन सल्लागार समितीची बैठक) आहे आणि दाखवायला काहीच नाही. "गाईडला विचार" म्हणू नका, सर कॉलेजच्या नॅक मूल्यांकनाच्या फायलींत बुडालेत.

जुना_बायोकेम
ताई, डॉक्टरकडे जाऊन नुसतं "दुखतंय" म्हणालात. पेशी कोणत्या? मीडियम कोणतं? पॅसेज किती, म्हणजे किती वेळा नव्या फ्लास्कमध्ये हलवल्यात?

गोदाकाठची
अहो पेशी म्हणजे सी२सी१२च, उंदराच्या स्नायूच्या. हाय ग्लुकोज डीएमईएम, १० टक्के एफबीएस. मायोट्यूबसाठी (पेशी एकमेकींत मिसळून होणारे स्नायूतंतू) २ टक्के हॉर्स सीरम. फ्लास्कवर पी१४ (चौदावा पॅसेज) लिहिलंय, पण आधीच्या सीनियरने कुठून मोजायला घेतलं देव जाणे.

शंकासूर
मायकोप्लाझ्मा, म्हणजे अगदी बारीक जिवाणूचा संसर्ग. डोळे झाकून सांगतो. मीडियम गढूळ होत नाही, पेनिसिलिन लागू पडत नाही (पेशीभित्तिकाच नाही त्याला), ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही पार जातो. आधी पीसीआर (त्याचा डीएनए शोधणारी चाचणी) करा.

जुना_बायोकेम
दर धाग्यात तुमचा मायकोप्लाझ्मा! बहुतेक वेळा त्यात मीडियम पिवळं पडतं, इथं गुलाबी आहे.

शंकासूर
आर्जिनिन खाणाऱ्या जाती अमोनिया सोडतात, पीएच वाढतो, मग मीडियम गुलाबीच. वाचून बोला.

जुना_बायोकेम
मग वाद कशाला? एका डिशमध्ये नुसतं मीडियम घाला, पेशी नकोत. रात्रभर इन्क्युबेटरमध्ये ठेवा. तेही गुलाबी पडलं तर दोष गॅसचा. डीएमईएममध्ये लिटरला ३.७ ग्रॅम बायकार्बोनेट असतं. त्याला तोलून धरायला सीओटू लागतो, तो कमी पडला की पीएच चढलाच.

निवृत्त_प्राध्यापक
आमच्या वेळी या सेल लाइनी (डिशमध्ये वाढवत ठेवायच्या पेशी) नव्हत्या. बेडकाचा गॅस्ट्रॉक्निमियस (पोटरीचा स्नायू), कायमोग्राफचा (आकुंचन नोंदायच्या यंत्राचा) काजळी धरलेला ड्रम, आणि स्नायू आकसला की लेखणीने पांढरी रेघ ओढायची. कंदिलाच्या काजळीने हात काळे व्हायचे, पण आकुंचन डोळ्यांनी दिसायचं. पीएचडी झाली की माझी!

शंकासूर
सर, आता बेडकाला हात लावायच्या आधी नीती समितीच्या फॉर्मातच तिचं वर्ष जाईल.

लातूरचा_नाम्या
पेट (पीएचडीची प्रवेश परीक्षा) कधी हाय कोणाला माहीत हाय का? आन् गाईडकडं जागा कशी बघायची? आमच्याकडं समदे म्हणलालेत जागा न्हाई.

जुना_बायोकेम
वेगळा धागा काढा हो. यूजीसीच्या २०२२च्या नियमांत प्राध्यापकाला आठ, सहयोगीला सहा, सहायकाला चार विद्यार्थी. तेवढे भरले की जागा संपली.

वायरमन
मी ही यंत्रं दुरुस्त करतो. ट्रेमध्ये पाणी आहे का? आणि सीओटूचा सेन्सर टीसी (थर्मल कंडक्टिव्हिटी) की आयआर (इन्फ्रारेड)?

गोदाकाठची
ट्रे? कोणता ट्रे?

वायरमन
आलं लक्षात. सगळ्यात खालचा, पाण्याचा. टीसी सेन्सर गॅसची उष्णता वाहण्याची क्षमता मोजतो आणि ती बाष्पाने बदलते. ट्रे कोरडा पडला की डिस्प्लेवरचा आकडा भरवशाचा राहत नाही. मे महिन्यात आपल्याकडे बादली ठेवली तरी आटते. वर डिशमधलं पाणी उडून मीडियम घट्ट होतं, पेशी आकसतात ते वेगळंच. फायराइट (सीओटू मोजायचं हातातलं उपकरण) कुठून मिळालं तर आतला गॅस त्याने तपासा, डिस्प्ले बघूच नका.

निवृत्त_प्राध्यापक
पाणी डिस्टिल्डच घाला, बोअरचं नको.

गोदाकाठची (दोन दिवसांनी)
ट्रे ठणठणीत कोरडा, तळाला क्षाराचं पांढरं कडं. कुणीतरी बोअरचंच पाणी घालत होतं! नुसत्या मीडियमची डिश सकाळी जांभळटच झाली होती. शेजारच्या विभागातून फायराइट आणलं, डिस्प्लेवर पाच आणि फायराइटवर जेमतेम दोन. ट्रे घासून डिस्टिल्ड पाणी भरलंय, एक रात्र जाऊ देऊन कॅलिब्रेशन करून घेईन. द्रव नायट्रोजनमधून गोठवलेल्या पेशींची जुनी व्हायल काढली तर शुक्रवारपर्यंत मायोट्यूब होतील का?

जुना_बायोकेम
नाही. आधी पेशी वाढायला हव्यात, मग हॉर्स सीरमवर चार ते सहा दिवस. आणि पॅसेज करताना फ्लास्क पूर्ण भरू देऊ नका, नाहीतर ट्यूब होण्याजोग्या पेशीच कमी होत जातात. आरएसीला त्या डिशचा फोटो आणि फायराइटचा आकडा दाखवा. पीएचडीची मुदत सहा वर्षांची आहे, महिलांना आणखी दोन मिळू शकतात. एवढं घाबरू नका.

शंकासूर
मायकोप्लाझ्माची पीसीआर तरीही कराच.

लातूरचा_नाम्या
पेटचं कोणीच सांगना की.