दातांच्या इम्प्लांटसाठी (हाडात बसवायचं कृत्रिम मूळ) ओपीजीवर (जबड्याचा सपाट एक्स-रे) भागत असेल तर सीबीसीटी (त्रिमितीय स्कॅन) कशाला?
"ओपीजीत ८ मिमी हाड दिसतंय, मग सीबीसीटीचा खर्च कशाला" हे वरच्या दाढांच्या इम्प्लांटच्या बाबतीत अजिबात पटत नाही. ओपीजीत हाडाची उंची प्रत्यक्षापेक्षा मोठी दिसू शकते आणि हाडाची रुंदी कळतच नाही.

शिवाय सायनसच्या (वरच्या दाढांच्या वरची हवेची पोकळी) नाकात उघडणाऱ्या तोंडाबद्दल या चर्चेत कुणीच बोललं नाही. ते तळाशी नसतं. आतल्या भिंतीवर पार वर, डोळ्याच्या खोबणीखाली असतं. स्राव सूक्ष्म केसांच्या हालचालीने वर चढून नाकात जातो. हे तोंड सुजेने बुजलेलं असताना सायनस लिफ्ट (सायनसचं अस्तर वर उचलणं) करून बोन ग्राफ्ट (हाडाची भर) भरलं, तर स्राव साचून सगळं पिकू शकतं. दाढेपुरत्या छोट्या स्कॅनमध्ये नेमका हाच भाग चित्राबाहेर राहतो, म्हणून तो यायलाच हवा असं स्कॅनच्या चिठ्ठीवर स्पष्ट लिहा. बुजलेलं दिसलं तर आधी ईएनटीकडे (कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे) पाठवा.