टोकियोत मित्रांसोबत एक रात्र: कुठे जावं, काय टाळावं?

कंदीपेढा
नमस्कार मंडळी. नोव्हेंबरमध्ये आम्ही कॉलेजचे चौघे जपानला जातोय. बारा वर्षांनी चौघांना एकदम सुट्टी मिळाली आहे. टोकियोत शुक्रवारची एक रात्र फक्त गप्पा, खाणं आणि भटकण्यासाठी मोकळी ठेवली आहे. हॉटेल आसाकुसाला. एक जण पूर्ण शाकाहारी, एक जण पीत नाही, बाकी दोघांना काहीही चालतं. शिंजुकूचं नाव सगळे घेतात, पण नेमकं कुठे बसायचं? आणि रात्री परत कसं यायचं?

निशिकासाईकर
तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण सगळी रात्र त्यावरच ठरते. टोकियोत गाड्या रात्रभर चालत नाहीत. साधारण बारा ते एकच्या दरम्यान बंद होतात आणि पहाटे साडेचार-पाचला सुरू होतात. आपल्याकडे शेवटची कर्जत चुकली की काय होतं ते मुंबईकरांना सांगायला नको.

त्यात तुम्हाला गाडी बदलायची आहे. शिंजुकूहून चुओ लाइनने कांदा स्टेशन, तिथून गिन्झा लाइनने आसाकुसा. म्हणजे शिंजुकूहून शेवटची गाडी कधी आहे याला अर्थ नाही, कांदाला पुढची गाडी मिळेल अशी शेवटची कोणती हे बघायचं. मी निशि-कासाईला आठ वर्षं काढली. पहिल्याच वर्षी शिंजुकूहून आरामात निघालो आणि इइदाबाशीला उतरलो तर तोझाई लाइनची शेवटची गाडी गेलेली. टॅक्सीत जवळपास सहा हजार येन गेले. टॅक्सीचं मीटर ५०० येनपासून सुरू होतं, पण रात्री १० ते पहाटे ५ वीस टक्के जास्त लागतात.

म्हणून रात्री ११ वाजता चौघांनी मिळून ठरवा: शेवटची गाडी पकडायची की पहिल्या गाडीपर्यंत जागायचं. "अजून अर्धा तास बसू" म्हणणाऱ्याचं अजिबात ऐकू नका.

भटकीमांजर
जागायचंच ठरवा! बारा वर्षांनी भेटताय.

सुरुवात तोचोपासून करा, म्हणजे टोकियो महानगर सरकारची इमारत. शिंजुकूच्या पश्चिमेला आहे. ४५व्या मजल्यावरून, २०२ मीटर उंचीवरून, सगळं शहर दिसतं आणि तिकीट नाही. अंधार पडल्यावर जा. मग स्टेशनच्या त्याच बाजूला ओमोइदे योकोचो. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरावं एवढी गल्ली, दोन्ही बाजूंना कोळशावर याकितोरी, म्हणजे काडीला टोचलेले कोंबडीचे तुकडे, भाजणारी चिंचोळी दुकानं. कपड्यांना तो धुराचा वास दोन दिवस राहतो. तुमच्या शाकाहारी मित्राला मात्र तिथे फारसं काही मिळणार नाही, त्यामुळे जेवायला नको, एक फेरी मारा.

निशिकासाईकर
शिंजुकूतल्या गोल्डन गाई या बारच्या वस्तीबद्दल सांगतो, कारण चौघांसाठी ते जरा अवघड पडतं. सहा अरुंद गल्ल्या, दोनशेच्या वर बार. बऱ्याच ठिकाणी आठ-दहाच खुर्च्या, त्यामुळे चौघांना एकत्र जागा मिळणं नशिबाची गोष्ट. दोन-दोन करून बसायची तयारी ठेवा. दारावर बसण्याचे पैसे लिहिलेले असतात ते वाचूनच आत शिरा, माणशी पाचशे ते हजार येन सहज. रोख जवळ ठेवा. एक-एक पेय घेऊन उठलात तर बाहेर उभ्या असलेल्यांची सोय होते आणि तुम्हालाही दुसरा बार बघता येतो. काही ठिकाणी फक्त ओळखीचीच गिऱ्हाइकं घेतात. नाही म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका.

पोटभर गप्पांसाठी इझाकायाच बरं, म्हणजे पिणं आणि खाणं दोन्ही मिळणारं जपानी ठिकाण. बसल्या बसल्या न मागवलेली एक छोटी वाटी पुढ्यात येते. ती ओतोशी, तिचे माणशी तीनशे-चारशे येन बिलात लागतात. ही फसवणूक नाही, रीत आहे. टिप ठेवू नका, ठेवलेले पैसे परत द्यायला वेटर मागे धावत येतो.

अनुस्वार
बाई म्हणून आणि सहा-सात वेळा जाऊन आलेली म्हणून एकच कळकळीची विनंती: काबुकिचोत, म्हणजे शिंजुकूतल्या बार-क्लबांच्या भागात, रस्त्यावर "या, स्वस्तात बसा" म्हणणाऱ्याच्या मागे कधीही जाऊ नका. तिथे लाउडस्पीकरवरून तशी सूचना सतत चालू असते, ती खरी माना. आमच्यातला एक जण गेला होता, दोन बिअरचं बिल चाळीस हजार येन झालं. आणि शिबुयाला गेलात तर संध्याकाळी ६ ते पहाटे ५ रस्त्यावर उभं राहून पिता येत नाही, ऑक्टोबर २०२४पासून तसा नियम आहे.

शाकाहारी मित्रासाठी: खरी अडचण मांसाची नाही, दाशीची आहे. माशापासून केलेलं ते पाणी सूप, सॉस, शिजवलेल्या भाज्या, सगळीकडे असतं. थंड टोफू मागवला तरी वर गुलाबी-तपकिरी, कागदासारखे पातळ काप भुरभुरून येतात, तेही माशाचेच. "कात्सुओबुशी नाशी दे" म्हणजे ते नको. एदामामे, म्हणजे सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा, मिठाच्या मिळतात, बटाट्याचे फ्राइज बहुतेक ठिकाणी असतात. पण सरळ सांगते, त्याला आधी जेवू घाला. टोकियो स्टेशनच्या आत टीज तानतान म्हणून पूर्ण वीगन रामेनचं, म्हणजे रश्शातल्या नूडल्सचं, दुकान आहे. तिळाचा घट्ट रस्सा, मला तो मांसाच्या रामेनपेक्षा आवडतो. ते तिकिटाच्या फाटकाच्या आत आहे, म्हणून शिंजुकूला जाताना आधी तिथे उतरा.

कंदीपेढा
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! जागायचंच ठरवलंय. पण एक ते पाच करायचं काय? न पिणाऱ्या मित्राला कंटाळा नको यायला.

भटकीमांजर
काराओके. तुमची चौघांचीच बंद खोली, बाहेरच्या कुणाला ऐकू जात नाही. बऱ्याच ठिकाणी रात्री अकरापासून पहाटे पाचपर्यंत एकरकमी भाडं असतं आणि न पिणाऱ्यांसाठी चहा-कॉफी-सरबतं हवी तेवढी. शुक्रवारी दर जास्त असतात आणि खोल्या लवकर भरतात, म्हणून बाराच्या आत जागा धरा. कोणी पेंगलं तर सोफ्यावर आडवं होऊ दे.

निशिकासाईकर
आणि पहाटे पहिल्या गाडीने आसाकुसाला उतरलात की सरळ हॉटेलवर जाऊ नका. तिथल्या सेन्सोजी देवळाचं आवार रात्रंदिवस उघडं असतं. कामिनारीमोन या त्याच्या दरवाजाचा तो जवळपास चार मीटर उंचीचा लाल कंदील दिवसा माणसांच्या डोक्यांवरून बघावा लागतो, त्या वेळी खाली उभं राहून निवांत बघता येतो. देवळाकडे जाणाऱ्या नाकामिसे रस्त्यावरची दुकानं बंद असतात, त्यांच्या शटरवर चित्रं काढलेली आहेत, तीही तेव्हाच दिसतात. नोव्हेंबरात सूर्य सव्वासहाच्या सुमाराला उगवतो आणि मुख्य देऊळ साडेसहाला उघडतं. जाकीट न्या, पहाटे चांगलीच थंडी असते. कोपऱ्यावरच्या मशीनमधून कॉफीचे गरम डबे घ्या, लाल पट्टीवरचे गरम असतात.