बीपी मोजताना पट्टा कोणता होता?

वजन वाढलं की बीपी वाढतो, त्यामुळे जाड माणसाचा आकडा जास्त आला तर डॉक्टर गोळी देणारच, असं बरेच जण म्हणतात. पहिला भाग मान्य, दुसरा सरसकट नाही. तो आकडा दंडाला गुंडाळायच्या कुठल्या पट्ट्याने मोजला, हे कोणी विचारतच नाही. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर बीपी खोटाच जास्त दिसतो, कारण आखूड पट्टीला रक्तवाहिनी दाबायला जास्त हवा भरावी लागते. अमेरिकेत यावर नीट चाचणी झाली, तिचे निकाल 2023 साली प्रसिद्ध झाले. ज्यांना सर्वांत मोठा पट्टा लागतो, त्यांना नेहमीचा लावला तर वरचा आकडा सरासरी 19.5 ने जास्त आला! म्हणजे 125 चा थेट 144.

माझ्या कोथरूडच्या मामांचं हर्नियाचं ऑपरेशन याच पायी पुढे ढकललं गेलं. भूलतज्ज्ञ बाईंनी मोठा पट्टा मागवून पुन्हा मोजला, तेव्हा आकडा बराच खाली आला. (बीपी होताच, पण दोन गोळ्यांइतका नव्हता.) घरच्या मशिनबरोबर येणारा पट्टा बहुधा 32 सेंटीमीटरपर्यंतच्या दंडाचा असतो, शिंप्याच्या टेपने दंडाचा मधला घेर मोजा, जास्त भरला तर मोठा पट्टा वेगळा मिळतो. सदाशिव पेठेत औषधांच्या घाऊक बाजारात विचारून बघा. आणि हो, शर्टाच्या बाहीवरून मोजू देऊ नका.